गायक नाही, बेसवादक नाही: ॲनिमल्स ॲज लीडर्स ऐकायचं कसं?

रॉक बँड म्हटला की डोळ्यांपुढे आधी माइकसमोरचा गायक येतो. मग गिटार, बेस, ड्रम. ॲनिमल्स ॲज लीडर्स हा अमेरिकी बँड मंचावर उभा राहतो तेव्हा यातल्या दोन जागा रिकाम्या असतात. गाणारं कोणी नसतं आणि बेस गिटार धरणारंही कोणी नसतं. टोसिन अबासी आणि हाविएर रेयेस यांच्या हातांत आठ-आठ तारांच्या गिटारी, मागे ड्रमवर मॅट गार्स्टका. बस, तिघंच.

त्यांचं संगीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे कान दोन मिनिटांत थकले. सूर इतक्या वेगाने येत होते की एक धरावा तर पुढचे चार निसटत. बऱ्याच दिवसांनी पुन्हा ऐकायला बसलो तेव्हा गिटारचा नाद सोडून दिला आणि फक्त ड्रमरच्या सिंबलकडे, म्हणजे ड्रमसोबतच्या धातूच्या थाळीकडे, लक्ष ठेवलं. सिंबल अगदी सरळ, चारच्या हिशेबात चालली होती. वेडंवाकडं वाटत होतं ते तिच्या आजूबाजूला विणलेलं होतं. त्या दिवसापासून हा बँड मला आवडायला लागला तो आजतागायत.

हा बँड ज्यात गणला जातो तो प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, अवघड का वाटतो याची उत्तरं बरीच दिली जातात: विषम ताल, जॅझमधले स्वरमेळ (कॉर्ड), बोटांची कसरत. ती खरीच आहेत. पण या बँडपुरतं माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. यांच्या संगीतातल्या जवळपास प्रत्येक अवघड गोष्टीचा माग काढत गेलं तर आपण त्या दोन रिकाम्या जागांपाशी येऊन पोचतो. बेसचं काम कोणीतरी करायला हवं, गायकाचंही कोणीतरी करायला हवं, आणि करायला आहेत तिघंच.

आधी थोडी ओळख. अबासीचा जन्म १९८३ चा, वॉशिंग्टन डी.सी.चा, आई-वडील मूळचे नायजेरियाचे. गिटार तो बहुतांशी स्वतःच शिकला. रिफ्लक्स नावाच्या मेटल (रॉकचा जड, कर्कश प्रकार) बँडमध्ये असताना त्याचं वादन ऐकून प्रॉस्थेटिक रेकॉर्ड्स या कंपनीने त्याला एकट्याचा अल्बम करायला सुचवलं. त्याने नाही म्हटलं. केवळ आपल्या वादनासाठी अल्बम काढणं त्याला अहंकाराचं आणि अनावश्यक वाटलं. पुढे रिफ्लक्स फुटला, अबासीने अटलांटामध्ये संगीताचं रीतसर शिक्षण घेतलं आणि मग ती जुनी सूचना मनावर घेतली. २००९ मध्ये बँडच्याच नावाचा पहिला अल्बम आला. पेरिफेरी या बँडचा गिटारवादक मिशा मन्सूर याने तो घडवायला मदत केली आणि त्यातले ड्रम संगणकावर रचले. म्हणजे तो अल्बम ऐकताना ढोल बडवणारे हात कल्पनेनेच पाहायचे.

रेयेस त्यानंतर बँडमध्ये आला. २०११ च्या 'वेटलेस'वर नावीन कोपरवाइस ड्रमवर होता, आणि २०१२ पासून तिथे बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकलेला गार्स्टका बसतो. 'द जॉय ऑफ मोशन' २०१४ चा, 'द मॅडनेस ऑफ मेनी' २०१६ चा, 'पारेसिया' २०२२ चा. बँडचं नाव डॅनियल क्विन यांच्या 'इश्माएल' या १९९२ च्या कादंबरीवरून सुचलेलं आहे. त्यात एक गोरिला माणसाला शिकवतो की जग माणसाच्या मालकीचं नाही. पहिल्या अल्बममधल्या एका गाण्याचं नाव 'काफो' आहे. ते दाटीवाटीने जनावरं कोंडून पोसणाऱ्या कारखानदारी पद्धतीच्या इंग्रजी नावाचं लघुरूप आहे. शब्द नसलेल्या संगीतात विचार कुठे ठेवायचा, तर असा नावात ठेवतात.

आठवी तार

बेसपासून सुरुवात करू. साध्या सहा तारांच्या गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा कंप पावते. बेस गिटारची सगळ्यात खालची तार याच्या बरोबर निम्मी, साधारण ४१ वेळा. गाण्याला खालून आधार देण्याचं काम या खालच्या सुरांचं. ते ऐकू येण्यापेक्षा छातीत जाणवतात, आणि काढून घेतले की सगळं गाणं हवेत लटकल्यासारखं वाटतं.

आता गिटारला आणखी दोन तारा खालच्या बाजूने जोडल्या तर आठवी तार रूढ पद्धतीने लावल्यावर ४६ च्या आसपास येते. अबासी ती पुष्कळदा आणखी थोडी उतरवतो, आणि मग ती नेमकी ४१ वर जाऊन बसते. बेसची सगळ्यात खालची तार आणि अबासीच्या गिटारची सगळ्यात खालची तार एकच सूर बोलतात. बेसवादकाचं घर गिटारच्या आत आलं ते असं.

पण नुसती तार जोडून भागत नाही. तारेचा सूर खाली न्यायचा तर तीन वाटा आहेत: तार सैल करा, जाड करा किंवा लांब करा. सैल तार फडफडते आणि छेडल्याबरोबर तिचा सूर डगमगतो. फार जाड तार ताठ होते, सळईसारखी वागायला लागते आणि तिच्यातले वरचे स्वरांश, म्हणजे मुख्य सुरासोबत उमटणारे बारीक सूर, किंचित बेसूर होतात. उरली लांबी. नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारवर कंप पावणारी तार साधारण २५ इंचांच्या आसपास असते. आठ तारांच्या गिटारी बहुधा २७ इंचांच्या किंवा त्याहून लांब करतात. तेवढ्या लांबीवर वरच्या बारीक तारा मात्र जास्त ताणल्या जातात. म्हणून अबासीच्या स्वतःच्या 'अबासी कॉन्सेप्ट्स'च्या गिटारींवर पडदे समांतर नसून पंख्यासारखे पसरलेले दिसतात. जाड तारेला जास्त लांबी आणि बारीक तारेला कमी. पाहताना ती नुसती शोभा वाटते, पण प्रत्येक तिरका पडदा जाड-बारीक सगळ्या तारांची गरज भागवतो आहे.

यात एक गोष्ट जोडायला हवी. अल्बमवर बेसचे सूर अजिबात नसतात असं नाही. ते काही ठिकाणी आहेत. मुद्दा एवढाच की त्या कामाला वेगळा माणूस नाही, आणि त्यामुळे गिटार वाजवण्याची पद्धतच बदलली.

अंगठ्याचं काम

१९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लॅरी ग्रॅहम नावाचा तरुण आपल्या आईसोबत कार्यक्रमांत बेस वाजवायचा. पुढे त्यांच्यासोबत ड्रमर राहिला नाही. मग ग्रॅहम बेसच्या तारेवर अंगठ्याने ठोका मारायला लागला, तो मोठ्या ड्रमच्या जागी. आणि दुसऱ्या बोटाने तार खेचून सोडायला लागला, तो स्नेअर या टणक आवाजाच्या छोट्या ड्रमच्या जागी. बेस वाजवण्याची 'स्लॅप' पद्धत रूढ झाली ती यातून. ड्रमरची जागा रिकामी झाली आणि बेसवादकाने ती अंगठ्याने भरून काढली.

अबासीने हीच युक्ती उलट्या बाजूने घेतली. व्हिक्टर वूटनसारख्या बेसवादकांनी स्लॅप आणखी पुढे नेलं होतं: अंगठा तारेवर आपटून वर उचलायचा नाही, तारेच्या पलीकडे आरपार जाऊ द्यायचा, आणि परतताना त्याच अंगठ्याने तीच तार खालून वर छेडायची. एका हालचालीत दोन ठोके. त्याला जोडून तर्जनीने वरची एखादी तार खेचली की तिसरा. डाव्या हाताच्या बोटाने पडद्यावर नुसता आघात केला की मधे आणखी एक सूर मिळतो, उजव्या हाताला श्रम न देता. अबासी हे सगळं गिटारवर करतो, आठव्या तारेवर. या पद्धतीला 'थंपिंग' म्हणतात.

याचा परिणाम कानावर कसा होतो ते पाहण्यासारखं आहे. 'वेटलेस'ची सुरुवात 'ॲन इन्फिनिट रिग्रेशन'ने होते किंवा 'द जॉय ऑफ मोशन'वरचं 'फिजिकल एज्युकेशन' सुरू होतं, तेव्हा क्षणभर कळत नाही की वाजतंय काय. सूर गिटारचे आहेत, पण त्यांची उठावण तालवाद्याची आहे. प्रत्येक सुराला ठोक्याची धार आहे आणि ठोक्याला सुराची उंची आहे. मेटल गिटारचा नेहमीचा आवाज पिकने, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या पट्टीने, तार सतत खरवडून येतो. इथे ती खरखर जाते आणि सुरासुरांमध्ये स्वच्छ मोकळी जागा दिसायला लागते. खालची तार एवढी जड असूनही नाचते ती यामुळे. माझ्या मते या बँडची सगळ्यात मोठी देणगी हीच आहे, वेगापेक्षा कितीतरी मोठी.

याच्या जोडीला दुसरी एक पद्धत आहे. डावा हात पडद्यांवर आघात करून बहुतेक सूर काढतो आणि उजवा हात मोजकेच सूर छेडतो. छेडलेले सूर ठळक, बाकीचे मऊ. म्हणजे एकाच ओळीत जोर कुठे द्यायचा हे वादक ठरवतो, बोलताना आपण एखाद्या शब्दावर जोर देतो तसं.

सात आणि चार

आता ताल. इथे बहुतेक श्रोते अडखळतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

विषम ताल आपल्याला परका नाही. सात मात्रांचा रूपक, दहाचा झपताल कानावरून गेलेला असतोच. या बँडमध्ये सातच्या किंवा पाचच्या हिशेबाने चालणारे तुकडे आहेत, पण खरी गंमत त्यात नाही. एकाच वेळी दोन हिशेब चालवणं ही यांची खासियत आहे, आणि ती यांना स्वीडनच्या मेशुगाह या बँडकडून वारशात मिळाली आहे. मेशुगाहने १९९० च्या दशकात ही रीत मेटलमध्ये रुजवली आणि पुढे आठ तारांची गिटारही त्यांनीच या संगीतात प्रचारात आणली. त्यांच्या गिटारच्या दाबून छेडलेल्या आवाजाची नक्कल करणारा 'जेंट' हा शब्द नंतर एका आख्ख्या शैलीचं नाव झाला. मन्सूरच्या पेरिफेरीलाही त्याच शैलीत गणतात.

दोन हिशेब कसे चालतात ते करून पाहा. पायाने सावकाश, सारखा ठेका धरा. पायाच्या प्रत्येक ठोक्याला दोन मात्रा. आता तोंडाने रूपकाचे बोल म्हणा: ती ती ना धी ना धी ना. न थांबता पुन्हा. पहिल्या वेळी पहिली 'ती' पायाच्या ठोक्यावर पडेल. दुसऱ्या वेळी ती दोन ठोक्यांच्या मधोमध येईल, कारण सात ही विषम संख्या आहे आणि पाय दोन-दोनने चालला आहे. तिसऱ्या वेळी परत ठोक्यावर, चौथ्या वेळी परत मधे. बोल तेच, पण प्रत्येक फेरीत त्यांचा रोख बदललेला वाटतो. चार फेऱ्यांत २८ मात्रा झाल्या. पाय मात्र १६ ठोक्यांनंतर, म्हणजे ३२ मात्रांनंतर, नवी ओळ सुरू करणार आहे. उरल्या चार. मग पाचव्या फेरीत फक्त 'ती ती ना धी' म्हणा, मधेच तोडा आणि पाय व तोंड दोघांनी मिळून नव्याने सुरू करा.

ते तोडून एकत्र येणं ऐकलंत? तिहाई समेवर येऊन पडते तेव्हा जे वाटतं, त्याच्या अगदी जवळचं ते आहे. एवढाच फरक की तिहाईत आपल्याला सम येणार हे आधीपासून जाणवत असतं, आणि इथे ती बरेचदा अंगावर येते.

हा प्रयोग केला की ड्रमरचं काम लक्षात येतं. तुमचा पाय म्हणजे गार्स्टकाचा सिंबल आणि स्नेअर. तुमचं तोंड म्हणजे गिटार, आणि गिटारसोबत पायाने वाजणारा मोठा ड्रम. म्हणजे ड्रमर एकाच शरीरात दोन्ही हिशेब चालवतो: हात चारशी प्रामाणिक, पाय सातशी. श्रोत्याने हातांचा पदर धरायचा. गिटारच्या मात्रा मोजायला गेलात तर हरवाल. स्नेअरचा टणक ठोका जिथे नियमित पडतो तिथे मान हलवत राहिलात तर गिटार कितीही वळणं घेऊन आली तरी तुम्ही जागेवर असाल. 'द मॅडनेस ऑफ मेनी'मधलं पहिलंच गाणं 'अरिथ्मोफोबिया' आहे. अरिथ्मोफोबिया म्हणजे आकड्यांची भीती. ते या पद्धतीने ऐकून पाहा.

गार्स्टकाबद्दल आणखी एक सांगावंसं वाटतं. स्नेअरच्या ठळक ठोक्यांच्या मधे तो अतिशय हळू, जेमतेम ऐकू येतील असे ठोके भरत असतो. चांगल्या हेडफोनवर ते ऐका. मेटलमध्ये ड्रमर बहुतेक वेळा सगळं सारख्याच जोराने वाजवतात. हा माणूस आवाजाच्या सात-आठ पायऱ्या वापरतो आणि त्यामुळे तालाला श्वास येतो. पहिल्या अल्बमचे संगणकावरचे ड्रम आणि २०१४ च्या अल्बमवरचा गार्स्टका एकापाठोपाठ एक ऐकले तर हा फरक सांगावा लागत नाही.

गायकाची जागा

शब्द असले की गाण्यात वाट सापडते. मुखडा परत आला की कळतं आपण कुठे आहोत. शब्द काढून टाकले की श्रोत्याच्या हातातली ही दोरी जाते, आणि वाद्यसंगीताच्या बँडला ती दुसऱ्या कशाची तरी करून द्यावी लागते. यात ते पहिले अर्थातच नाहीत. १९७१ मध्ये गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांनी महाविष्णू ऑर्केस्ट्रा सुरू केला, त्यात विषम ताल होते, भारतीय संगीताचा प्रभाव होता आणि गायक नव्हता. कॅमल या ब्रिटिश बँडने १९७५ मध्ये हंसासारख्या पक्ष्याच्या गोष्टीवर आख्खा अल्बम शब्दांवाचून केला. ड्रीम थिएटर या अमेरिकी बँडच्या वादकांनी १९९८ मध्ये लिक्विड टेन्शन एक्स्पेरिमेंट या नावाने हेच केलं. या सगळ्यांकडे बहुतेक वेळा कुठलं तरी एक वाद्य गायकाच्या जागी पुढे येतं आणि बाकीचे साथ करतात.

ॲनिमल्स ॲज लीडर्समध्ये गाणारं वाद्य एका जागी राहत नाही. कधी अबासीची लांब, सरकत जाणारी सुरावट पुढे येते. तिच्यात ॲलन होल्ड्सवर्थ या ब्रिटिश गिटारवादकाची सावली स्पष्ट दिसते. कधी दोन्ही गिटारी नुसता स्वरमेळ उलगडत राहतात आणि सगळ्यात वरचा सूर हळूहळू बदलत जातो, तीच चाल. कधी रेयेस नायलॉनच्या तारांची गिटार घेतो आणि 'द ब्रेन डान्स'सारख्या रचनेत सगळा आवेश शांत होऊन जातो. रेयेसबद्दल फार कमी बोललं जातं याचं मला वाईट वाटतं. अबासी चमकतो, पण या संगीतात जिथे ऊब आहे तिथे बहुतेक वेळा रेयेसचा हात असतो.

स्वरमेळाची अडचण मात्र समजून घेण्यासारखी आहे. मेटलमध्ये गिटारचा आवाज मुद्दाम फाडतात. आवाज फाटला की दोन सुरांच्या कंपनांची बेरीज-वजाबाकी होऊन नवे सूर आपोआप तयार होतात. षड्ज-पंचम एकत्र वाजवला तर हे नवे सूर मूळ सुरांशी जुळतात, म्हणून रॉकमध्ये हीच जोडी सर्रास वाजते. जॅझमधले चार-पाच वेगवेगळ्या सुरांचे मेळ फाटक्या आवाजात वाजवले तर नवे सूर एकमेकांवर आदळतात आणि नुसता चिखल होतो. या बँडला जॅझचे मेळही हवेत आणि मेटलचं वजनही. म्हणून ते काम वाटून घेतात: आठव्या तारेवरचे एकेकटे सूर फाटके, दाबलेले, आखूड, वरचे मेळ जवळजवळ स्वच्छ आवाजात, एकेक सूर सुटा करून. रचना सारखी कडक-मऊ, कडक-मऊ होत राहते त्याचं एक कारण हे आहे. मनःस्थितीचे चढउतार आहेतच, पण खाली हे ध्वनिशास्त्रही आहे.

या बँडवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: सगळं तंत्र आहे, भाव नाही. पहिल्या अल्बमबद्दल मला तो थोडासा पटतो. तिथे काही जागी सुरांची दाटी इतकी आहे की मन टेकायला कोपरा मिळत नाही. पण 'द जॉय ऑफ मोशन'बद्दल तो मला मुळीच मान्य नाही. त्यात 'अनदर इयर' आहे, ज्यात कोणाला कुठे पोचायची घाई नाही, आणि 'पारा मेशेर' आहे, ज्यात तंत्रापेक्षा लय आधी भेटते. नव्याने ऐकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. आधी 'फिजिकल एज्युकेशन', मग 'अनदर इयर', मग पूर्ण अल्बम. पहिला अल्बम त्यानंतर, आणि एका बैठकीत दोन-तीन रचनांपेक्षा जास्त नको.

'पारेसिया'वर यावं ते सगळ्यात शेवटी. पारेसिया हा ग्रीक शब्द आहे, अर्थ निर्भीडपणे बोलणं. गायक नसलेल्या बँडने हे नाव निवडलं यातला विचार मला फार आवडतो. सगळा अल्बम चाळीस मिनिटांपेक्षा कमी आहे. त्यात 'गेश्टाल्टत्सरफाल' नावाची रचना आहे. हा मानसशास्त्रातला जर्मन शब्द आहे. एखाद्या आकृतीकडे किंवा लिहिलेल्या शब्दाकडे टक लावून पाहत राहिलं की काही वेळाने तिचे तुकडे सुटे होतात, रेषा दिसतात पण शब्द दिसेनासा होतो, त्या अनुभवाला तो वापरतात. ही रचना लागोपाठ तीनदा ऐका. एकदा फक्त स्नेअर, एकदा फक्त आठवी तार, आणि तिसऱ्यांदा कशाकडेच खास लक्ष न देता. पहिल्या दोन खेपांत तुकडे सुटे झालेले असतील. तिसऱ्या खेपेला ते परत कुठल्या क्षणी जुळतात त्याकडे कान ठेवा.